पुढची नळी

पहिले दोन दिवस मी काहीच दुरुस्त केलं नाही. फक्त नळी धरायला शिकले.

चर्चमधल्या ऑर्गनची धातूची नळी कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाची असते. हे मिश्रण इतकं मऊ की नखाचा ओरखडाही त्यावर कायमचा राहतो. एका हाताने पायाशी आधार द्यायचा, दुसऱ्याने वरचं अंग सावरायचं, तेही बोटांच्या पेरांनी, आणि तोंडाच्या बाजूला चुकूनही हात न्यायचा नाही. नळीचे अवयव माणसासारखेच मोजतात: पाय, तोंड, वरचा ओठ, खालचा ओठ, काहींना दोन्ही बाजूंना कान. हातमोजे घालायचे. नळीला घाम लागू नये म्हणून आणि शिसं आपल्या पोटात जाऊ नये म्हणूनही.

तिसऱ्या दिवशी मला वाटलं, आता हात बसला. तेवढ्यात मधल्या सप्तकातली एक नळी भोकातून उचलताना जराशी अडकली. मी अंगठ्याने रेटा दिला आणि धातू आत गेला. आवाज झाला नाही, काही तुटलं नाही, फक्त अंगठ्याच्या टोकाएवढा उथळ खळगा उमटला.

आमचे मुख्य कारागीर, ज्यांना मी मनातल्या मनात उस्ताद म्हणायचे, त्यांनी ती नळी माझ्या हातून घेतली. उजेडाकडे धरून आडवी-उभी फिरवून पाहिली. टेबलावर नळ्या तपासायचा एक छोटा भाता होता, त्यावर ती बसवून वारा सोडला. नळी बोलली. त्यांनी ती खोक्यात तिच्या जागी आडवी ठेवली आणि म्हणाले, "बोलते आहे." बस्स. मी विचारलं, खळगा बाहेर काढता येईल ना? आतून सळई घालून ठोकून काढता येतो, पण त्यात धातू पातळ होतो, म्हणाले. सूर बिघडला असता तर काढला असता.

मी मूळची लाकडाची माणूस. जुन्या कपाटांची, पेट्यांची, खुर्च्यांची डागडुजी करते. या ऑर्गनचं लाकूड बरंच पोखरलेलं होतं म्हणून मला मदतीला बोलावलं होतं, आणि काही आठवड्यांचं काम म्हणून गेलेली मी शेवटची नळी जुळेपर्यंत तिथेच राहिले. वाद्य फार मोठं नव्हतं. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन ओळी, पायांसाठी एक, एकोणीस स्टॉप (नळ्यांची एकेक ओळ चालू-बंद करणारे दांडे) आणि अकराशेच्या आसपास नळ्या. मोठ्यात मोठी नळी दोन पुरुष उंचीहून जास्त, लाकडाची, चौकोनी. लहानात लहान नळीचा बोलणारा भाग करंगळीच्या पेराएवढा. कित्येक वर्षं ऑर्गन मुका होता, कारण भात्याचं कातडं फाटलं होतं आणि फाटलेल्या भात्यात वारा ठरत नव्हता.

पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवणाऱ्याला ऑर्गनचं अर्धं काम आपोआप कळतं. भाता आहे, पट्ट्या आहेत, वाऱ्यावर चालणारा सूर आहे. उरलेलं अर्धं मात्र पार वेगळं. पेटीत बहुतेक सगळं हाताच्या अंतरावर असतं. इथे पट्टी दाबली की एक पातळ लाकडी काठी ओढली जाते, तिच्यामुळे दुसरी, मग एक आडवा दांडा फिरतो, पुन्हा एक काठी, आणि कुठेतरी दूर, डोक्याच्या वर, वाऱ्याने भरलेल्या पेटीत एक कातडं लावलेली झडप उघडते. बोटाला त्या झडपेचा किंचित अडथळा जाणवतो. वारा आपल्या दाबाने विरोध करत असतो, बोट तो मोडतं आणि झडप एकदम सैल पडते. चांगला वादक या क्षणावर खेळतो. स्टॉपचा दांडा ओढला की भोकं पाडलेली एक लाकडी पट्टी सरकते, तिची भोकं नळ्यांच्या पायाखाली येतात आणि त्या ओळीतल्या नळ्यांना वारा मिळायची वाट मोकळी होते. दोन्ही गोष्टी जुळल्या तरच नळी बोलते. या सगळ्यात वीज लागते ती फक्त वारा भरणाऱ्या पंख्याला, आणि तोही नंतर आला. त्याआधी भाता माणसं ओढत.

या वाद्याचं मूळ देवळाशी किंवा चर्चशी नाही, हे मला तिथेच कळलं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबियस नावाच्या यंत्रकाराने पाण्याच्या वजनाने वाऱ्याचा दाब कायम ठेवणारा ऑर्गन बनवला. बुडापेस्टमध्ये, जुन्या रोमन अक्विंकमच्या जागी, 1931 मध्ये अशाच एका ऑर्गनचे अवशेष सापडले. त्यावरच्या पाटीवरून तो 228 सालचा ठरतो. म्हणजे आपल्या हातातली नळी ज्या जातीची आहे, ती जात दोन हजार वर्षांहून जुनी. वाऱ्याचा दाब तर अजूनही पाण्यानेच मोजतात. इंग्रजी यू अक्षरासारख्या काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, एक तोंड वाऱ्याच्या पेटीला जोडायचं आणि दोन बाजूंच्या पाण्यात किती मिलिमीटरचा फरक पडतो ते बघायचं. आमच्या ऑर्गनला पंचाहत्तर हवा होता. आला तेव्हा नव्वदच्या वर होता. का, ते पुढे सांगते.

भाता उघडला तेव्हा आत कागद निघाले. लाकडी फळ्यांच्या सांध्यांतून वारा गळू नये म्हणून जुन्या कारागिरांनी आतून कागद चिकटवलेले असतात, आणि कागद महाग असल्याने हाताला लागेल तो वापरत. इथे हिशेबाच्या वहीची पानं होती. आकड्यांच्या रांगा, कुठे बेरीज, कुठे खोडाखोड. मी ती वाचत बसले. उस्ताद काही बोलले नाहीत, मला वाचू दिलं.

ही पानं सरसाने चिकटवलेली होती. सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून, हाडांपासून उकळून काढलेला गोंद. तो गरम असतानाच लावावा लागतो, वास येतो, आणि ओल लागली तर सुटतो. आजकाल याला दोष म्हणतील. पण भात्याचं कातडं पन्नास-साठ वर्षांनी बदलावंच लागतं. ते कधीतरी सोलून काढायचंच आहे, हे लावणाऱ्याला माहीत असतं. म्हणून असा गोंद, जो पुढच्या माणसाला कोमट पाणी आणि धीर एवढ्यावर उघडता येईल. कोमट फडकं ठेवायचं, वाट बघायची, पातळ पात्याने कडेपासून उचलायचं. दीडशे वर्षांपूर्वीचा सांधा माझ्यासमोर तासाभरात सुटला, आणि लाकडाचं एक तूसही निघालं नाही.

भात्याची एक बाजू मात्र मधल्या काळात कुणीतरी पांढऱ्या कृत्रिम गोंदाने चिकटवली होती. चांगल्या हेतूनेच केलं असणार, घट्ट बसावं म्हणून. ते कातडं पाण्याला दाद देईना, उष्णतेला देईना. शेवटी खरवडावं लागलं. एका बाजूला तीन दिवस लागले, आणि कातड्याबरोबर लाकडाचा वरचा थरही गेला. त्या तीन दिवसांत मला त्या अनोळखी माणसाचा फार राग आला. त्याने वाईट काम केलं म्हणून नव्हे. आपल्यानंतर कुणी हे उघडायला येईल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं म्हणून. तेव्हापासून मी कपाटांच्या कामातही सरसच वापरते.

आता तो नव्वदचा दाब. कधीतरी, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, या ऑर्गनचा आवाज लोकांना बारीक वाटू लागला होता. त्या काळात सगळीकडे मोठा, भारदस्त आवाज हवा होता. म्हणून भात्यावर जास्तीच्या विटा ठेवल्या. दाब वाढला की नळी वरच्या सुरावर उडी मारते, मग ती ताळ्यावर आणायला तिचं तोंड वर कापतात, वरचा ओठ उंच करतात. विटा परत उचलता येतात. कापलेला ओठ परत येत नाही. त्याच सुमाराला पाच ओळींच्या नळ्या काढून नव्या बसवल्या होत्या. त्यातली एक ओळ अरुंद नळ्यांची होती. अरुंद नळी तंतुवाद्यासारखी बोलते, जरा उशिरा, जरा घासल्यासारखी, पण फार गोड.

माझं म्हणणं होतं की हे सगळं काढून टाकावं आणि वाद्य मूळ रूपात आणावं. जुनं कपाट हाती आलं की वरचा रंग काढून मूळ लाकूड दाखवायची मला सवय. उस्तादांनी दाब उतरवला, कापलेल्या ओठांवर धातूची बारीक पट्टी झाळून तोंडं खाली आणली, पण त्या अरुंद नळ्यांना हात लावायला तयार होईनात. आमचा वाद दोन संध्याकाळ चालला. मूळची ओळ आहे कुठे, असं त्यांनी विचारलं. ती तर केव्हाच वितळली. म्हणजे तुम्ही सव्वाशे वर्षांची अस्सल नळी काढून त्या जागी माझी अंदाजाने केलेली नक्कल बसवणार. तिला जुनं कसं म्हणायचं?

मी तेव्हा गप्प बसले, पण पटलं नव्हतं. पटलं ते हळूहळू, दुसऱ्या वाद्यांच्या गोष्टी वाचताना. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमध्ये आर्प श्निटगरने 1693 मध्ये पूर्ण केलेला ऑर्गन आहे. 1720 मध्ये संगीतकार बाख याच चर्चच्या वादकाच्या जागेसाठी इच्छुक होता. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, या ऑर्गनच्या दर्शनी नळ्या कथिलासाठी काढून वितळवल्या. दुसऱ्या महायुद्धात कुणीतरी वेळेवर शहाणपण केलं, नळ्या आणि वाऱ्याच्या पेट्या काढून सुरक्षित जागी नेल्या. 1944 मध्ये चर्चवर बॉम्ब पडले, ऑर्गनचं लाकडी आवरण जळालं, नळ्या वाचल्या. युर्गन आरेंड यांनी त्याचा जीर्णोद्धार 1993 मध्ये पूर्ण केला तेव्हा दर्शनी नळ्या नव्याने घडवल्या. तिथे नक्कल करणं बरोबर होतं, कारण तिथे जागा रिकामी होती. आमच्याकडे जागा रिकामी नव्हती. त्या जागेवर कुणीतरी बसलं होतं आणि चांगलं गात होतं.

जुन्या वाद्यांच्या बाजूने बोलणारी माणसं फार पूर्वीपासून नव्हती. त्यातला एक मोठा आवाज ऑर्गनवादक आणि पुढे डॉक्टर झालेल्या आल्बर्ट श्वाइट्झर यांचा. आफ्रिकेत दवाखाना काढायच्या कितीतरी आधी, 1906 मध्ये, त्यांनी ऑर्गनबांधणीवर एक पुस्तिका लिहून जुने ऑर्गन मोडून कारखान्यातले नवे बसवण्याच्या लाटेला विरोध केला. आज जी जुनी वाद्यं वाजतात त्यातल्या कित्येकांचं आयुष्य अशा हट्टी माणसांमुळे लांबलं.

आणि तरी सगळं माणसाच्या हातात नसतं. जर्मनीतल्याच ल्युबेकच्या सेंट याकोबी चर्चमधल्या सतराव्या शतकातल्या ऑर्गनच्या शिशाच्या नळ्यांना पायापासून आतून पांढरी बुरशी चढल्यासारखी दिसू लागली. धातू भुसभुशीत होऊन भोकं पडत होती. शोध घेतला तेव्हा कारण निघालं ओकचं लाकूड. ओकमधून ॲसिटिक आम्लाची वाफ हळूहळू सुटत असते. वाऱ्याच्या पेटीतून ती नळीच्या पायात जाते आणि शिसं खाते. ज्या लाकडाला मी आयुष्यभर मजबूत म्हणून निवडत आले, ते आपल्या शेजारच्या नळीला श्वासागणिक कुरतडत असतं. हे वाचल्यावर मी आमच्या वाऱ्याच्या पेटीत बसवायला आणलेली ओकची फळी परत कोपऱ्यात ठेवून दिली आणि उस्तादांना विचारून पाइन वापरलं.

सफाईबद्दल जास्त लिहीत नाही. कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश, अकराशे वेळा. मेणबत्त्यांची काजळी, धूळ, कोळ्यांची जाळी, मेलेल्या माशा. एवढी काजळी असते यावर विश्वास बसत नाही. पॅरिसच्या नोत्र दामच्या ऑर्गनबाबत हेच काम केवढ्या प्रमाणावर झालं असेल याची कल्पना मला तेव्हा आली. 15 एप्रिल 2019 च्या आगीत तो जळला नाही, पण छताच्या वितळलेल्या शिशाची पिवळी धूळ त्याच्या सुमारे 8,000 नळ्यांवर बसली. 2020 मध्ये तो उतरवला, नळी न् नळी धुतली, पुन्हा उभा केला आणि मग महिनोन्महिने रात्री जुळवला, कारण दिवसा बांधकामाच्या आवाजात सूर ऐकू येणं शक्य नव्हतं. 7 डिसेंबर 2024 रोजी चर्चची दारं उघडली तेव्हा आर्चबिशपांनी ऑर्गनला जागा हो अशी पुन्हापुन्हा हाक दिली आणि प्रत्येक हाकेला तो उत्तर देत गेला. मी ते चित्रीकरणात पाहिलं आणि माझे डोळे भरून आले. जुळवणाऱ्यांच्या रात्री मला दिसत होत्या.

कारण आमच्याही रात्री तशाच होत्या. जुळवणीला दोन माणसं लागतात. एक आत, नळ्यांच्या रांगांमध्ये, फळीवर पाय ठेवून उभा. दुसरा बाहेर पट्ट्यांशी. बाहेरच्याचं काम एवढंच की सांगितलेली पट्टी दाबून धरायची आणि आतून "पुढची" असं ऐकू आलं की पुढची दाबायची. ते माझं काम. रस्त्यावरचा आवाज बंद झाला की सुरू करायचं. चर्चचं तापमान आठवडाभर एकसारखं ठेवलेलं असायचं, कारण हवा गरम झाली की आवाज तिच्यातून वेगाने जातो आणि नळीचा सूर चढतो. 440 कंपनांची नळी दहा अंश उष्णता वाढली की 447 च्या आसपास जाते. पितळी जिभेच्या नळ्या मात्र त्या प्रमाणात चढत नाहीत, म्हणून एका दुपारच्या उन्हात सगळं वाद्य आपसात भांडू लागतं. आत उभ्या माणसाच्या अंगाच्या उबेनेही जवळच्या नळ्या चढतात. उस्ताद आत शिरून आधी काही न करता नुसते उभे राहायचे.

मग दोन नळ्या एकत्र बोलायच्या. त्यांच्यात दोन कंपनांचं अंतर असलं तर सेकंदाला दोनदा सूर हेलकावतो. वा-वा-वा-वा. तंबोरा जुळवताना हे ज्याने ऐकलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. आतून पितळी शंकूचा हलका टिचका ऐकू यायचा. शंकूने नळीचं वरचं टोक उलून फाकवलं तर सूर चढतो, आत मिटवलं तर उतरतो. जुन्या नळ्यांची वरची टोकं पिढ्यान् पिढ्यांच्या टिचक्यांनी फाटलेली होती. त्यांना आम्ही सरकती कडी बसवली होती, आता नुसती वर-खाली करायची. हेलकावा मंदावायचा. वा... वा... मग एक लांब, नुकती डोलणारी रेघ. मग ती डोलायची थांबली की अंगावर काटा यायचा. दोन नळ्या वेगळ्या ऐकूच यायच्या नाहीत. "पुढची."

जुळवणीच्या आधी प्रत्येक नळीचं बोलणं बसवावं लागतं, आणि ते सुरापेक्षा कठीण. नळी सुरात असूनही अडखळते, फुसफुसते, शेजारणीपेक्षा ओरडते. तोंडाच्या आत एक आडवी पट्टी असते. तिच्या आणि खालच्या ओठाच्या मधल्या फटीतून वारा पातळ पापुद्र्यासारखा निघतो आणि वरच्या ओठावर आदळतो. ती पट्टी केसभर वर, केसभर खाली, एवढ्याने नळीचा स्वभाव बदलतो. तंबोऱ्याची जवारी काढणारा माणूस घोडीवर कानस फिरवतो, थांबतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो. उस्तादांचं तसंच चालायचं. मला वाटायचं ते नळीला आपल्याला हवं तसं बोलायला लावतायत. एका रात्री चहा पिताना ते म्हणाले की त्यांनी त्या आठवड्यात तीनशेहून जास्त नळ्या ऐकल्या आणि हात साठेकांनाच लावला. उरलेल्या ठीक होत्या.

भात्याच्या खोलीत, पंखा येण्याआधी जिथे भाता ओढणारी माणसं बसत, तिथल्या फळीवर पेन्सिलीची नावं होती. काही आडनावं, काही साल, आणि एका कोपऱ्यात पाच-पाचच्या जुड्या बांधलेल्या उभ्या रेघा, शंभराच्या वर. कशाची मोजणी होती देव जाणे. भजनांची, रविवारांची, की ओढलेल्या दांड्यांची. ती फळी पोखरलेली होती आणि बदलणं सोपं गेलं असतं. मी मागून दुसरी फळी लावून तिला आधार दिला, किडीची भोकं भरली आणि पुढची बाजू कोरड्या ब्रशने झाडली, तेवढंच. खाली, कुणालाही सहज दिसणार नाही अशा जागी, उस्तादांनी मला आमच्या कामाची नोंद लिहायला सांगितली: कुठलं कातडं, कुठला गोंद, किती मिलिमीटर दाब, कुठल्या नळ्यांचे ओठ झाळले. पेन्सिलीनेच.

शेवटच्या रात्रीच्या आदल्या रात्री आम्ही मधल्या सप्तकापाशी आलो. मी पट्ट्या मोजत होते, त्यामुळे ती नळी कधी येणार हे मला माहीत होतं. तिच्या पायावर मूळ कारागिराने टोकदार खिळ्याने सुराचं अक्षर ओरखडलेलं होतं, आणि त्याच्या चार बोटं वर माझ्या अंगठ्याचा खळगा. मी पट्टी दाबली. नळी बोलली, शेजारची तिच्याशी किंचित हेलकावली. आतून कडी सरकल्याचा बारीक आवाज आला. हेलकावा लांबला, मंदावला, थांबला. उस्ताद काही क्षण ऐकत राहिले, जितके इतर नळ्यांना ऐकायचे तितकेच.

"पुढची," ते म्हणाले.